गावकीचे पेनड्राइव्ह

बेबीआत्या चालत्या ट्रकसमोर जाऊन उभी राहायची. हात वर करणं नाही, शिट्टी नाही, ओरडणं नाही. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्यात सोन्याची जाड माळ, दोन्ही हात कमरेवर. ट्रक करकचून थांबायचा तो तिच्या नाकापासून हातभर अंतरावर. ड्रायव्हर खिडकीतून मुंडकं काढून काही बोलायच्या आत ती म्हणायची, "उतर. क्लीनरकू भी उतार. तेरा वजन माल में न्हाय पकडनेका." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला डबा खाली पडला. पुढे रोज पाहिलं, तरी दर वेळी माझे डोळे आपोआप मिटायचे.

मानकोली नाक्यावरून आत गोदामांकडे जो रस्ता जातो त्यावर आत्याचा वजनकाटा होता. ज्यांनी असा काटा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत बसवलेला एक लांबलचक लोखंडी पाट असतो, त्यावर अख्खा ट्रक मावतो. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरून आणल्यावर पुन्हा तोलायचा, मधला फरक तो माल. काही ड्रायव्हर रिकाम्या वेळी खाली उतरायचे आणि भरल्या वेळी क्लीनरसकट वर बसून राहायचे. म्हणून आत्या दोन्ही वेळा सगळ्यांना उतरवायची. "काटा खोटा बोलत न्हाय," ती म्हणायची, "वर बसलेला बोलतो."

साठी ओलांडलेली, केबिनचं दार भरून टाकणारी बाई, आणि नाव बेबी. आगरी घरातली. शेतं गेली, त्यांवर गोदामं उभी राहिली, पण रस्त्याकडेचा एक तुकडा तिने कुणाला दिला नाही. त्यावर काटा बसवला. मुलगा रूपेश मोठा होऊन बाकीच्या जागांचं बघायला लागला तरी काटा तिने स्वतःच्या हातात ठेवला.

मी वाशीम जिल्ह्यातली. आठवीत शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि आमच्या ह्यांना गोदामात माल चढवायचं काम मिळालं म्हणून भिवंडीला आले. इथे आल्यापासून मला सगळ्याचीच भीती. रस्ता ओलांडायची, हिंदीची, घरमालकिणीच्या कुत्र्याची. ह्यांचा डबा द्यायला यायचे तेव्हा काट्याच्या केबिनच्या सावलीत उभी राहायचे. एक दिवस आतून आवाज आला, "ए पोरी, काट्याव उभी ऱ्हा."

मला वाटलं, इथे सावलीत उभं राहायलाही बंदी असेल. मुकाट्याने त्या लोखंडी पाटावर जाऊन उभी राहिले. रांगेतले ड्रायव्हर बघतायत, गोदामातली पोरं बघतायत. आत्या बाहेर आली आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "चालीस! चालीस किलोची बाई! अरं, सिमेंटची गोन हिच्यापेक्षा जड!"

मी तिथेच रडायला लागले. तिने दंडाला धरून आत नेलं आणि तांदळाची भाकरी नि सुकट पुढे ठेवली. आमच्याकडे घरात अंडंसुद्धा येत नाही. पण मी इतकी घाबरले होते की तीही खाल्ली.

"शिकलीस कवर?"

"आठवी. पुढं शाळा सुटली."

"माजी दुसरीत सुटली. म्हंजे तू माज्यावर साहेब झालीस." तिने मला टेबलावरच्या कॉम्प्युटरसमोर ढकललं. "बस हितं."

"आत्या, मले येत नाही हे."

"मले म्हंजे काय गो?"

"मला. मला येत नाही."

"मना पन येत न्हाय. दोघी मिलून बिघडवू."

अशी मला नोकरी लागली. कुठल्या अर्जावाचून, कुणाच्या ओळखीवाचून. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ह्यांचा विश्वास बसेना. मला स्वतःलाही कित्येक दिवस बसत नव्हता. रोज सकाळी केबिनकडे जाताना वाटायचं, आज म्हणतील, चूक झाली, तू जा.

आत्याला अक्षर कळत नव्हतं, जागा कळत होत्या. डावीकडचा वरचा कोपरा, मग पिवळा चौकोन, मग खालचं हिरवं. ह्या क्रमाने बोट फिरलं की पावती छापून यायची. मीही तशीच शिकले, फक्त मला आकडे आणि थोडी इंग्रजी अक्षरं वाचता यायची. चुकले की माझ्या हाताला घाम यायचा. तिला काहीच व्हायचं नाही, कारण तिच्या मते तिचं चुकतच नव्हतं. "माजा चुकत न्हाय," हे ती इतक्या वेळा म्हणायची की ड्रायव्हर तिची नक्कल करायचे. भात करपला तर गॅस वाईट. पावतीवर गाडीचा नंबर उलटा पडला तर गाडीलाच नंबर उलटा मिळाला असणार. एकदा डॉक्टरने तिचं ब्लडप्रेशर मोजून मान हलवली, तर ती त्याला म्हणाली, "तुमच्या या मशीनला सरकारी शिक्का हाय का? माज्या काट्याला दर साली मारून घेते मी." डॉक्टर बिचारा मशीन उलटंपालटं करून बघायला लागला. मला हसावं का माफी मागावी कळेना.

मग कॉम्प्युटर मंद व्हायला लागला. तो मुळात जुना. आधी पावतीला थोडा वेळ लागायचा, मग जास्त, मग पडद्यावरचं ते निळं वर्तुळ फिरतच राहायचं आणि बाहेर ट्रकांची रांग नाक्याच्या दिशेने लांबत जायची. ड्रायव्हर खिडकीवर थापा मारायचे. "ओ मॅडम, पर्ची बना रही हो कि शादी का कार्ड छाप रही हो?" आत्या बाहेर जाऊन म्हणायची, "तेरेको घाई हाय तो उडके जा." पण ते उडून जायचे नाहीत, पुढच्या नव्या काट्यावर जायचे.

नवा कॉम्प्युटर घ्यावा तर काट्याची जाड वायर ज्या खाचेत बसते ती खाच नव्या कॉम्प्युटरला नसते, आणि वजनाचा प्रोग्राम ज्याने घालून दिला त्याचा फोन लागत नव्हता. दुरुस्तीवाला शहरातून आला, उघडून बघून म्हणाला, ह्यात मेमरी कमी आहे, आणि ह्या जातीची मेमरी आता मिळत नाही. रूपेशने मग दारात उभं राहून सांगून टाकलं, "आई, दिवालीपर्यंत बघतो. न्हायतर काटा भाड्यानं देतो. ते त्यांचा कॉम्प्युटर आनतील, त्यांचा मानूस बसवतील." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. बघायची गरज नव्हती. त्यांचा माणूस बसला म्हणजे मी उठले. आणि ह्यांच्या ठेकेदाराकडे तेव्हा आज काम आहे, उद्या नाही, असं चाललेलं. मी उठले असते तर आम्ही दोघं सामान बांधून गावाला गेलो असतो. तिथे काय होतं? काहीच नव्हतं, म्हणून तर आलो होतो.

उपाय मला मोबाईलवर सापडला. एक हिंदी बोलणारा मुलगा व्हिडिओत दाखवत होता की पेनड्राइव्ह लावून जुन्या कॉम्प्युटरला जादा मेमरी कशी द्यायची. मी तो इतक्या वेळा बघितला की त्याचं बोलणं पाठ झालं. आत्याला समजावताना माझी तारांबळ उडाली, तेव्हा तीच म्हणाली, "म्हंजे ओटा बारका हाय. एकेक डबा आनायला आतल्या खोलीत धावतो हा, म्हनून उशीर. तू शेजारी पाट ठेवतेस, त्याच्यावर रोजचं डबं मांडून ठेवायला. असाच ना?" मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. व्हिडिओतल्या मुलाला एवढं सोपं सांगता आलं नव्हतं.

आम्ही बाजारातून एक पेनड्राइव्ह आणला. मी तो लावला. आधी त्याला आतून साफ केलं, मग पडद्यावर दुसरीकडे जाऊन 'ही जागा वापर' अशी खूण केली. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, ओठ हलत होते, जागा लक्षात ठेवत होती. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. थोडा वेळ तो तसाच कुरकुरला. दुपारपर्यंत मात्र पावती पटापट यायला लागली. नव्यासारखी नाही, पण ड्रायव्हर खिडकीवर थाप मारायला हात उचलायचा आणि तोवर कागद बाहेर. एकाने तर हात तसाच हवेत ठेवून विचारलं, "क्या किया मॅडम?" आत्याने उत्तर दिलं, "पाट लगाया." मी त्या दिवशी घरी जाऊन ह्यांच्यासमोर हसता हसता रडले.

आता आत्याच्या डोक्यात जे आलं ते आमच्या वाशीमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. त्यासाठी गावकीच्या भांड्यांबद्दल सांगायला हवं. गावात देवळाशेजारी एक खोली आहे. तिच्यात गावाच्या मालकीचे मोठे टोप, पराती, झारे, पातेली असतात. ज्याच्या घरी लग्न, तो घेऊन जातो, काम झालं की घासूनपुसून परत ठेवतो. कमी पडलं तर घरोघरची भांडी येतात, नाव कोरलेली, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला पोचती होतात. त्या खोलीची किल्ली बेबीआत्याच्या कमरेला असायची. गावात हा मोठा मान. परत आलेला प्रत्येक टोप ती उलटा करून बघायची आणि पोचा दिसला की आरोळी ठोकायची, "हा कोनी पाडला?" ज्याने पाडला त्याने तिथेच सांगायचं, अशी रीत.

तर मी तापाने घरी पडले होते. आत्या एकटीच काट्यावर. दिवाळी तोंडावर, गाड्या वाढलेल्या. तिने विचार केला, एका पाटाने एवढा फरक पडला तर पाचसहा पाट का नकोत? आणि पेनड्राइव्ह गावात घरोघर होते. इकडे हळदी जोरात होतात, शूटिंगवाला सगळं पेनड्राइव्हवर घालून देतो. आत्या दारोदार गेली. "ए, तुजा तो हलदीचा पेनड्राइव्ह दे. दिवाली झाली की परत. काट्याला मदत हाय." भांडी मागावीत तसे तिने मागितले, आणि भांडी द्यावीत तसे बायकांनी दिले. कुणी नेलपॉलिशचा ठिपका लावून, कुणी लाल दोरा बांधून, म्हणजे अदलाबदल नको.

मी परत आले तेव्हा कॉम्प्युटरच्या मागेपुढे ते सगळे खोचलेले होते, तोंडं बाहेर काढून. आत्या खूश होती. "बघ गो, गाव आला मदतीला."

मी एकेक उघडून बघितला. सगळे मोकळे. आत कॉम्प्युटरने स्वतःची एक मोठी फाईल टाकलेली, बाकी काही नाही.

"आत्या, ह्यांच्यातलं शूटिंग कुठं गेलं?"

"कुठं जाईल? हाय त्याच्यातच."

"तुम्ही काय केलं नेमकं?"

"तू केलास तेच. उजवा बटन, मधला शब्द, मग सगल्यांना 'हो'. मग तुजी ती खूण." तिने हवेत बोट फिरवून दाखवलं. बरोबर होतं. जागा न् जागा बरोबर होती. मी बाजारातला कोरा पेनड्राइव्ह आधी साफ केला होता, तसाच तिने प्रत्येक साफ केला होता.

मी तिला सांगितलं. टोपात भात आहे की नाही हे न बघता टोप घासायला टाकला, असं झालंय म्हटलं. ती खुर्चीत बसली. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तिला ऐकू येत नव्हतं. मग म्हणाली, "ताराचा पन?"

तारामावशी तिच्या शेजारची, लहानपणापासूनची मैत्रीण. तिची मुलगी वैशू लग्नानंतर वर्षभरात बाळंतपणात गेली. तिच्या हळदीचं शूटिंग त्या लाल दोऱ्याच्या पेनड्राइव्हवर होतं. शूटिंगवाल्याने कधीच दुकान बंद केलेलं. बाकीच्यांकडे मोबाईलमध्ये, नातेवाइकांकडे कुठे ना कुठे दुसरी प्रत असणार होती. तारामावशीकडे तेवढंच होतं.

"मना विचार करू दे," आत्या म्हणाली. "तू कोनाला काय बोलू नको." आणि तो लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह मुठीत घेऊन ती उन्हात निघून गेली. मला नंतर कळलं, ती शहरात दुकानं पालथी घालत होती. एका पोराने मशीनला लावून बघितलं आणि सांगितलं, "मौसी, मिटा हुआ वापस आता है कभी कभी. पर इसके ऊपर दूसरा लिख गया है."

तोवर इकडे एका बाईने आपला ठिपक्याचा पेनड्राइव्ह मागून नेला, टीव्हीला लावला, आणि गावभर झालं. रूपेश केबिनमध्ये आला. मागे बायका. तारामावशी दारात, आत न येता. रूपेश म्हणाला, "इंग्रजी वाचता येत न्हाय तर बटनं कशाला दाबतेस? लोकांच्या घरातला पुसून टाकलास." मी म्हणू शकत होते की मी तापात होते. पण मग कुणी केलं, हे पुढे आलंच असतं. आणि ज्या बाईने मला इथे बसवलं तिचं नाव माझ्या जिभेवर येईना. रूपेशला माझं गप्प बसणं पुरेसं होतं. "संध्याकाली गावकी बसतेय. उद्यापासून येऊ नको."

घरी जाऊन मी कपडे पिशवीत भरायला लागले. ह्यांनी विचारलं, काय झालं. सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ती म्हातारी बोलल का तुझ्यासाठी?" मी म्हटलं, "नाही बोलणार. तिचं कधी चुकत नाही." मला त्यात तिचा रागही येत नव्हता. बाहेरच्या बाईसाठी स्वतःच्या गावात कोण तोंड काळं करून घेईल? मी तिच्या जागी असते तर केलं असतं का, मला अजून सांगता येत नाही.

संध्याकाळी देवळासमोर गावकी बसली. मला बोलावलं होतं म्हणून गेले, ह्यांचा हात धरून, सगळ्यात मागे. आत्या पुढे ओट्यावर बसलेली, पदर सारखा करत. रूपेशने आधीच तिला सांगितलं असणार, कारण तिच्याकडे वाकून तो पुन्हा म्हणाला ते मला ऐकू आलं, "आई, तू फक्त गप बस. मी बघतो." म्हाताऱ्यांनी बोलायला सुरुवात केली. बाहेरचे लोक कामाला ठेवले की असं होतं. शिकलेला पोरगा ठेवायला हवा होता. बेबीने मनाला येईल ते केलं, पण तिचा काय दोष, फसली बिचारी. आत्या ऐकत होती. तिने मान हलवली नाही, वर बघितलं नाही. मला वाटलं, झालं. उद्या सकाळची गाडी.

मग ती उठली. कमरेची किल्ली सोडली आणि देवळाच्या पायरीवर ठेवली. लोखंड दगडावर वाजलं तेवढाच आवाज झाला.

"टोप परत येतात तवा मी तुमाला सगल्यांना विचारते, पोचा कोनी पाडला. आज तुमी मना विचारा."

रूपेश म्हणाला, "आई, खाली बस."

"तू बस. बोट माजा व्हता. ही पोर तापानं घरात पडलेली, हिला म्हाईत पन नव्हता. मी घरोघर मागून आनला, मीच पुसला. मना वाटला मना येतं. मना येत नव्हता." हे शेवटचं वाक्य तिने इतक्या साधेपणाने म्हटलं की मागे बसलेला एक माणूस "काय?" म्हणाला, ऐकू आलं नसल्यासारखा. "ही उद्या काट्याव बसनार. ज्याला बोलायचं हाय त्यानं मना बोला. किल्ली हितं ठेवली हाय."

माझ्या शेजारी हे उभे राहिलेले, मला कळलंही नाही कधी. सगळ्या बायका तारामावशीकडे बघत होत्या. तारामावशी उठून आत्यासमोर गेली. वाटलं, आता ही हात उगारणार. तिने हळूच विचारलं, "पुसायच्या आधी बगितलास का तू? वैशू नाचली व्हती ती?"

आत्या म्हणाली, "न्हाय गो तारा."

तारामावशीने मान हलवली आणि ती घरी गेली.

किल्ली कुणी उचलली मला आठवत नाही. नंतर ती तारामावशीकडे गेली एवढं खरं. आत्याला लग्नघरी बोलावणं यायचं, पण टोप उलटा करून बघायला कुणी बोलावत नव्हतं. तारामावशी तिच्याशी बोलली नाही. समोरासमोर दारं, एकाच वेळी दोघी अंगण झाडायच्या, आणि बोलायच्या नाहीत. आत्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त काट्यावर लवकर यायला लागली.

आम्ही बाकीचे सगळे पेनड्राइव्ह काढून परत केले. बाजारातला तो एकटा ठेवला. त्याच्यावरही काम भागत होतं, आधीही भागतच होतं. दिवाळी गेली. रूपेश काट्याचं काही बोलला नाही. एक दिवस जेवताना मी धीर करून विचारलं, "आत्या, गप्प का नाही बसलात? मी गेलेच असते."

ती माझ्यावर भडकली. "तू गेली असतीस तर कॉम्प्युटर कोन चालू करनार व्हता? मी? पुन्ना गाव पुसून ठेवला असता." आणि माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हणत असताना. त्यापुढे हा विषय आमच्यात निघाला नाही.

आत्या गेली ती एका साध्या दुपारी. छातीत जड वाटतंय म्हणाली, मग म्हणाली गॅस आहे, मग एका ट्रकवाल्याशी भांडली. मी रूपेशला फोन केला तेव्हा तिने मला शिवी दिली. गाडीत बसताना म्हणाली, "पावती दे त्याला, खोलंबलाय." मी पावती देऊन वळले तेव्हा गाडी निघून गेली होती. संध्याकाळी निरोप आला. चालत्या ट्रकसमोर उभी राहणारी बाई गॅस म्हणता म्हणता कशी जाते, हे मला कळेचना. खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही.

तिचे दिवस झाले आणि काटा उघडला. मी रोज यायचे, रोज वाटायचं आज रूपेश सांगेल. एका सकाळी तो दारात आला. "वर्षाताई, नवा कॉम्प्युटर येतोय, सगला नवा लावतोय. एक शिकलेला पोरगा…" एवढ्यात त्याच्या मागून तारामावशी आत आली. ती केबिनमध्ये कधीच आली नव्हती. मी झटकन उठून उभी राहिले.

"हिला काढनार हायस म्हने?" तिने विचारलं.

"मावशी, तसा न्हाय. जमाना बदलला. आनि तुला तरी हिचा पुलका कशाला? तुजाच तर सगल्यात जास्ती गेला."

"व्हय. माजाच गेला. तुज्या आयशीसंगती ती मरेपर्यंत मी बोलले न्हाय. मना ते सोपा गेला न्हाय रं." गळ्याशी पदर धरून तिने कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माजी वैशू गेली, ती नाचत व्हती ते पन गेला, बेबी गेली. आता ही पन गेली, तर मंग त्याच्यातून राहिला काय?"

रूपेशने खाली बघितलं. मग म्हणाला, "नवा कॉम्प्युटर आला की शिकून घ्या, ताई," आणि बाहेर गेला.

"बस गो," तारामावशी मला म्हणाली. "गाडी उभी हाय."

मी बसले. टेम्पोचा नंबर मी पुन्हापुन्हा चुकवला. पावती छापून निघेपर्यंत ती दाराला टेकून उभी राहिली.